क्षोभांक एकाहत्तर

रफीक मुजावरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला नाही. आकडा तोंडानेच सांगितला.

"एकाहत्तर."

हेमलता दुधाळ हसली. सिद्धनगरच्या 'दैनिक भीमाकाठ'मध्ये ती बावीस वर्षं व्यंगचित्रं काढत होती, मुजावर त्यातली बरीच वर्षं तिचे संपादक होते, आणि थट्टा करायची त्यांना सवय होती. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हा तिचं हसू थांबलं.

"दुसऱ्या कुणाचं चित्र लागलं असेल."

"पुन्हा पुन्हा टाकून बघितलं, ताई. तुमचंच आहे."

चित्र दोघांच्या मध्ये टेबलावर पडलं होतं. शहराच्या मध्यभागी तात्यासाहेब कोंढाऱ्यांचा साठ फुटी पुतळा उभा राहत होता. तात्यासाहेबांनी हयातीत माळरानावर तलाव खोदून घेतला म्हणून सिद्धनगर वसलेलं राहिलं. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली तरी घराघरांत त्यांचा फोटो होता. यंदा तलाव आटला होता, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत होतं, आणि पुतळ्याभोवती मात्र कारंजी बसवायचं काम जोरात होतं. हेमलताने काढलं होतं ते एवढंच : पुतळा चौथऱ्यावरून उतरून टँकरच्या रांगेत शेवटी उभा आहे, हातात घागर. पुढच्या बाईने मागे वळून बघितलंय आणि ती त्याला आपल्या पुढे घेते आहे. लांबवर, मोकळ्या चौथऱ्यासमोर स्मारक प्रतिष्ठानची मंडळी हार घेऊन उभी आहेत. पुतळा जागेवर नाही, हे त्यांच्यातल्या एकाच्याही लक्षात आलेलं नाही.

"यात चिडण्यासारखं काय आहे?" हेमलताने विचारलं.

"मला विचाराल तर काहीच नाही. मला तर डोळ्यांत पाणी आलं." मुजावरांनी चष्मा परत चढवला. "पण मला कोण विचारतं? पन्नासच्या वर छापता येत नाही. चित्र घरी घेऊन जा. कुणाला दाखवू नका. घरातल्यांनासुद्धा नाही. दाखवलं तरी ते प्रसारणच धरतात."

"आणि नोटीस?"

"ती आकड्याबरोबरच गेली असणार, प्रतिष्ठानला. ते आपोआप जातं."

हेमलताने चित्र फाइलमध्ये सरकवलं. बाहेर पडताना तिच्या लक्षात आलं की कचेरीतली माणसं तिच्याकडे बघत नव्हती. आकडा तिच्याआधी खोलीबाहेर पोचला होता.

*

छापण्याआधी चित्रांना आकडा देणारं 'पडसाद' सुरू झालं तेव्हा हेमलताला बरंच वाटलं होतं. त्याआधीच्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यात एका चित्रावरून दंगल झाली होती. चित्र काढणारा पोरगा वाचला, पण त्या चित्राशी काही संबंध नसलेली तीन माणसं गेली. त्यानंतर बरेच दिवस हेमलता ब्रश हातात घेऊन नुसती बसून राहायची. अशा वेळी कुणी सांगितलं की, बाई, चित्र छापण्याआधी त्याने काय होईल ते आम्ही सांगू, तर कोण नको म्हणेल?

यंत्राची कल्पना समजायला अवघड नव्हती. प्रत्येक माणूस फोनवर दिवसभर काही ना काही बघतो. कोणत्या चित्रावर त्याचा अंगठा थांबतो, कोणतं तो पुढे पाठवतो, कशाने चिडतो आणि चिडला तर किती वेळाने शांत होतो, या सगळ्याच्या खुणा राहतात. त्या खुणांवरून त्या माणसासारखंच वागणारं एक गणिती रूप तयार करता येतं. पडसादचे लोक त्याला 'छाया' म्हणत. सिद्धनगरात चार लाख माणसं होती, आणि पडसादच्या संगणकात सिद्धनगरच्या चार लाख छाया होत्या.

चित्र आधी या छायांच्या शहरात सोडलं जाई. राग गोवरासारखा पसरतो. एका चिडलेल्या माणसामुळे सरासरी एकाहून कमी माणसं चिडली तर तो आपसूक विझतो, एकाहून जास्त चिडली तर पेटत जातो. यंत्र पुढचे काही दिवस हजारो वेळा चालवून बघे आणि शंभरातल्या किती वेळा कुणाला इजा झाली ते सांगे. तोच क्षोभांक. एकाहत्तर म्हणजे शंभरांतल्या एकाहत्तर भविष्यांत रक्त सांडत होतं.

यंत्र खोटं बोलत नव्हतं. चार वर्षांत राज्यात चित्रावरून एकही दंगल झाली नव्हती. हेमलताही हळूहळू शिकली. नेत्याचं नाक थोडं आखूड केलं की आकडा उतरतो, टोपी काढली की आणखी उतरतो, नेताच काढून टाकला आणि नुसता खड्डा काढला की दहाच्या खाली येतो. ती सहजी दहाच्या खाली राहू लागली होती. तात्यासाहेबांचं चित्र तिने खूप दिवसांनी, आकड्याचा विचार न करता काढलं होतं, आणि प्रेमाने काढलं होतं. तिच्या वडिलांनी तो तलाव खोदताना पाट्या वाहिल्या होत्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर आला. संपतचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, धाकटा भाऊ. बुटका, गोल पोटाचा, गॉगल कायम डोक्यावर चढवलेला. दहा वर्षं तो स्मारक प्रतिष्ठानचा चिटणीस होता. एरवी आल्या आल्या तो चहा मागायचा. आज दारातच उभा राहिला.

"वहिनी, काय काढलंय तुम्ही?"

"बसा तरी भाऊजी."

"बसतो. पण आधी सांगा. आमच्या बैठकीत नोटीस वाचून दाखवली. 'श्रीमती हेमलता दुधाळ यांच्या चित्राचा क्षोभांक एकाहत्तर. चित्र आपल्या श्रद्धास्थानाशी संबंधित.' एवढंच. चित्र नाही, वर्णन नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले."

संपत आतून आला. "सांगायला तिला परवानगी नाही, दिगू."

"ते माहितेय दादा. पण एकाहत्तर म्हणजे काय असेल? असं काय काढलं असेल की एकाहत्तर यावा?" त्याने हेमलताकडे बघितलं. "तात्यांना कपडे तरी आहेत का?"

"भाऊजी!"

"लोक विचारतायत, मी नाही."

ते चित्र या क्षणी किती डोक्यांत किती तऱ्हांनी काढलं जात असेल, याचा तिने विचारच केला नव्हता.

पुढच्या दोन दिवसांत तिला ते कळत गेलं. भाजीवालीने सांगितलं की चित्रात तात्या दारू पीत आहेत. गल्लीतल्या शिक्षकांनी ऐकलं होतं की तात्यांच्या मांडीवर कुणीतरी बसलंय. एका बाईने हेमलताला प्रत्यक्षच विचारलं, "तात्यांच्या आईचं चित्र काढलंत म्हणे, खरं का?" ज्याला जे सर्वांत वाईट सुचत होतं, ते तो तिच्या नावावर टाकत होता. आणि तिला एवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं की, अहो, हातात घागर आहे फक्त.

संपतचं चष्म्यांचं दुकान होतं, चौकात. एक तरुण गिऱ्हाईक येऊन खुर्चीवर बसला, डोळे तपासून घेतले, आणि जाताना म्हणाला, "नंबर चांगला काढून द्या हं. बाईंसारखा. एकाहत्तर." सोबतचे दोघं हसले. संपतने दुपारीच शटर खाली ओढलं.

"माफी मागून टाक," घरी येऊन तो म्हणाला.

"कशाबद्दल मागू? कुणी बघितलंय का ते?"

"म्हणूनच माग. कुणी बघितलेलं नाही तोवर कशाचीही माफी मागता येते."

"आणि मागितली की तात्यांना उघडंच काढलं होतं असं सगळे धरून चालतील."

संपत खिडकीपाशी गेला आणि पडद्याच्या फटीतून बाहेर बघत राहिला. समोरच्या घराच्या फाटकावर नवीन पाटी लागली होती, खडूने लिहिलेली : 'चित्रकार बाई येथे राहत नाहीत.' आणि खाली बाण होता. दुधाळांच्या घराकडे.

हेमलताने चित्र कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं होतं. ती दिवसातून कितीतरी वेळा कपाट उघडून फाइल आहे ना ते चाचपायची. मोटरसायकल घराजवळ येऊन हळू झाली की ती खिडकीपासून मागे सरायची. पुढे निघून गेली की तिला स्वतःची लाज वाटायची, आणि दुसरी आली की पुन्हा तेच.

*

रेवती बिराजदार तिची कॉलेजातली मैत्रीण. ती पडसादच्या विभागीय केंद्रात विश्लेषक होती. हेमलताने फोन केला तेव्हा ती म्हणाली, "फोनवर नको. येतेच मी." आणि खरंच बस पकडून आली. डोक्यावरून पदर घेऊन, मागच्या दाराने, स्वयंपाकघरात.

"अठ्ठ्याऐंशी झालाय," ती पाटावर बसत म्हणाली. "आज सकाळचा आकडा."

"चित्र तर तेच आहे."

"चित्र तेच आहे, पण माणसं ती नाहीत. चिडलेल्या माणसांच्या छायाही चिडलेल्या असतात ना. रोज सकाळी त्या नव्याने बनतात."

हेमलताने तिच्यापुढे चहा ठेवला. रेवतीने तिचा हात धरला.

"हेमा, मी एक केलंय. करायला नको होतं. तू चित्र पाठवलंस त्या दिवशीचं छायांचं शहर आमच्याकडे साठवलेलं असतं. मी ते उघडलं आणि तुझं चित्र त्यात पुन्हा सोडलं. फक्त एक बदल केला. नोटीस बंद केली. ना आकडा जाहीर, ना प्रतिष्ठानला कळवणं. चित्र नुसतं छापलं, पूर्वी छापायचे तसं."

"मग?"

"चौदा."

हेमलता तिच्यासमोर खाली बसली.

"नीट ऐक. चित्राने काय होईल हे यंत्र सांगतं, तेव्हा नोटीस गेल्यावर लोक काय करतील तेही त्याला त्यात धरावंच लागतं. म्हणजे तो आकडा फक्त चित्राचा नसतो. चित्राचा आणि आकड्याचा मिळून असतो. तुझ्या चित्राला दोन वाटा होत्या. आकडा चौदा आला तर नोटीस जात नाही, लोक बघतात, काही हसतात, दोन-चार चिडून पत्रं लिहितात, संपलं. तेही गणित बरोबर जुळतं. एकाहत्तर आला तर नोटीस जाते, लोक न बघताच चिडतात, आणि एकाहत्तर खरा ठरतो. तेही जुळतं. यंत्राला दोन्ही उत्तरं मिळाली. त्याला शिकवलंय की शंका असेल तिथे धोक्याचं उत्तर धरायचं. त्याने धरलं."

"हे तुमच्या वरच्या लोकांना माहीत आहे?"

"असावं. पण दंगली थांबल्यात ना. जे छापलंच जात नाही त्यावरून दंगल कशी होणार, असं ते म्हणतात." रेवतीचा आवाज खाली गेला. "आणखी एक गोष्ट वाईट आहे. ज्या गटांनी पूर्वी तोडफोड केली, त्यांच्या छाया लवकर पेटतात. त्यामुळे त्यांच्याविरुद्धचं काही छापलंच जात नाही. हे आता गटांच्याही लक्षात आलंय. शांत बसणाऱ्याची थट्टा चालते, दगड मारणाऱ्याची नाही. मग शांत कोण बसेल?"

"मी आता चित्र दाखवलं तर?"

"आज दाखवलंस तर त्र्याण्णव. आणि तीन वर्षांची शिक्षा." रेवती उठली. चहा तिने घेतलाच नव्हता. "कुठेतरी जा तू. काही दिवस बहिणीकडे जा."

"जाऊ का?" हेमलताने खरंच विचारलं. तिला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं.

"तू घरी नसलीस तर काय होतं, तेही मी चालवून बघितलं," रेवती म्हणाली. "घर जाळतात. संपतराव आत असतात."

*

रविवारी सकाळी, पुतळ्याच्या चौथऱ्याला अभिषेक झाल्यावर, लोक तिकडूनच आले. आधी घोषणा ऐकू आल्या, मग गल्लीच्या तोंडाशी डोकी दिसली. फाटकावर दोन पोलीस होते. त्यातला एक वायरलेसवर जादा माणसं मागत होता आणि दुसरा गेट ओढून घेत होता.

दिगंबर त्यांच्याआधी धावत आला होता. धापा टाकत त्याने दार लावून घेतलं.

"दादा, मागच्या खोलीत चला. वहिनी, तुम्हीपण."

"किती आहेत?" संपतने विचारलं.

"मोजायच्या भानगडीत पडू नका."

बाहेरून एकाने ओरडून विचारलं, "चित्र दाखव!" मग सगळेच तेच ओरडू लागले. ऐकता ऐकता हेमलताला एक गोष्ट विचित्र वाटली. हे लोक जे मागत होते, तेच तिला द्यायचं होतं.

दिगंबर तिच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याचा गॉगल आज डोक्यावर नव्हता.

"वहिनी, मला दाखवा. मी बघतो आणि बाहेर जाऊन सांगतो. माझं ऐकतील. दहा वर्षं यांच्याबरोबर राबलोय मी."

"नको," संपत म्हणाला. "तीन वर्षं आत जाईल ती. दिगू, तुझ्यासमोर तरी तिला..."

"आत जायला बाहेर जिवंत राहायला लागतं, दादा."

हेमलताने दिराकडे बघितलं. त्याने तिच्या लग्नात अक्षता वाटल्या होत्या, तिच्या बाळंतपणात डबे आणले होते. आणि बैठकीत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असताना तो काय बोलला, हे तिला माहीत नव्हतं. तो चित्र हिसकावून बाहेर भिरकावेल का? बघून तोच चिडला तर? हा विचार मनात आला म्हणून तिला वाईट वाटलं. तरी तो विचार गेला नाही.

ती कपाटाकडे गेली. साड्या खाली पडल्या. फाइल उघडून तिने चित्र पलंगावर ठेवलं.

दिगंबर वाकला. बराच वेळ तो तात्यासाहेबांकडे बघत होता. मग त्याचं बोट सरकत सरकत चौथऱ्यासमोरच्या माणसांवर आलं आणि एका बुटक्या, गोल पोटाच्या माणसावर थांबलं. त्या माणसाच्या डोक्यावर गॉगल होता.

"हा मी ना?"

चित्र काढताना तिने मुद्दाम ठरवलं नव्हतं. हात गेला होता. पण 'नाही' म्हणणं खोटं झालं असतं.

"हो भाऊजी."

बाहेर काहीतरी फुटलं. बहुतेक कुंडी होती. दिगंबर हलला नाही.

"दारोदार फिरलो मी या पुतळ्यासाठी," तो म्हणाला. "उन्हातान्हात. तुम्हाला मी असा दिसतो?"

माफी मागावी असं पहिल्यांदाच तिला वाटलं, आणि ती कशाबद्दल हेही आता कळत होतं. पण चित्र चुकलंय असं मात्र वाटत नव्हतं.

त्याने तळहाताने तोंड पुसलं. "पुढची बाई तात्यांना पुढे घेतेय. हे बरं काढलंत." मग तो सरळ झाला आणि दाराकडे निघाला.

"दिगू, थांब," संपत म्हणाला. तो थांबला नाही.

हेमलता खिडकीशी गेली. दिगंबर पायरीवर उभा राहिला, दोन्ही हात वर करून. गर्दी थोडी शांत झाली. त्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता.

"तात्यांचा अपमान नाहीये त्यात! तात्या टँकरच्या रांगेत उभे आहेत. हातात घागर आहे. आपल्यासारखेच उभे आहेत. बाया त्यांना पुढे घेतायत. एवढंच आहे. अपमान असला तर तो आपला आहे, प्रतिष्ठानच्या लोकांचा. माझा आहे."

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मान हलवली, पटल्यासारखी. हेमलताला वाटलं, झालं. संपलं.

मग मागून आवाज आला, "एवढंच असतं तर एकाहत्तर आला असता का?"

"खोटं बोलतोय! भावजय आहे त्याची!"

"तू बघितलंस? म्हणजे तूपण सामील!"

दगड कुठून आला ते तिला दिसलं नाही. दिगंबर पायरीवर बसला, हळूच, दमल्यासारखा. मग त्याच्या कानाच्या वरून रक्त आलं आणि शर्टाची एक बाजू लाल होत गेली.

हेमलता दार उघडून बाहेर धावली. आपल्याला भीती वाटते आहे हे त्या वेळी तिच्या ध्यानातही नव्हतं. तिने पदर त्याच्या डोक्याला दाबून धरला आणि वर बघितलं. समोर शे-दीडशे माणसं होती, आणि त्यांच्यातली निम्मी तिच्या ओळखीची होती. किराणा दुकानदार होता. परगावी शिकणाऱ्या तिच्या मुलीबरोबर पूर्वी शाळेत असलेला एकजण होता. सगळे दिगंबरकडे बघत होते.

"अरे, चिटणीस आहेत ते," कुणीतरी पुटपुटलं.

मागचे आधी निघाले. मग मधले. पोलिसांची गाडी आली तेव्हा गल्लीत चपला पडल्या होत्या, आणि संपत एकटाच ओरडत होता, रिक्षा आणा, रिक्षा आणा.

*

दिगंबर वाचला. डाव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही. इस्पितळात शुद्धीवर आला त्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. हेमलता आणि संपत खाटेशेजारीच होते.

"तुम्ही चित्राचं वर्णन केलंत. म्हणजे तुम्हाला ते दाखवण्यात आलं होतं?"

"नाही," दिगंबर म्हणाला.

"मग कळलं कसं?"

"मनाचं सांगितलं. जमाव शांत व्हावा म्हणून. घागर, टँकर... सुचलं ते बोललो."

पोलिसाने हेमलताकडे बघितलं. तिने खाली बघितलं. जबाब लिहून घेऊन तो गेला.

दिगंबरने तिच्याकडे मान वळवली नाही. छताकडे बघतच तो म्हणाला, "तुमच्यासाठी नाही केलं वहिनी. दादा एकटा पडला असता."

चार दिवसांनी मुजावर इस्पितळात आले, केळी घेऊन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हणाले, "ताई, आकडा नऊवर आलाय."

"कशामुळे?"

"तुम्हाला माहितेय कशामुळे. रक्त निघालं की लोकांचा राग ओसरतो. छायांचाही ओसरतो. आता छापता येईल. पन्नासच्या खाली आलेल्या चित्राचं मागचं प्रकरणही मिटतं, जबाब कुणी उकरत नाही." ते अडखळले. "तुमची इच्छा असेल तर."

हेमलताने दिगंबरकडे बघितलं. उजव्या कानाने त्याने सगळं ऐकलं होतं.

"भाऊजी, मी तो चेहरा बदलते."

"चेहरा राहू द्या," तो म्हणाला. "लोकांनी ओळखायचं ते ओळखलंय. पोट तेवढं कमी करता आलं तर बघा."

तिने काहीच कमी केलं नाही. चित्र होतं तसं छापून आलं. कुणी काही बोललं नाही. दोघातिघांनी कापून टँकरच्या मागे चिकटवलं, एका बाईने फोन करून सांगितलं की, आमच्या तात्यांना तुम्ही नेमकं पकडलंत. कारंज्यांचं काम थांबलं, ते चित्रामुळे की पैसे संपल्यामुळे, ते कळलं नाही. दगड कुणी मारला ते शोधूनही सापडलं नाही. हेमलता बाजारात जायची तेव्हा एखादा माणूस वर्तमानपत्राकडे बघून हसताना दिसायचा आणि ती त्याला निरखून बघायची. हा असेल का? की तो, तराजू धरलेला? सगळ्यांचे चेहरे चांगलेच होते. त्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

दिगंबर घरी आला, पण तिच्या घरी पूर्वीसारखा येईनासा झाला. आलाच तर पायरीवरूनच दादाशी बोलायचा. त्याला डावीकडून हाक मारली तर कळायचं नाही. प्रत्येक वेळी ते विसरून हेमलता त्याला डावीकडूनच चहाचं विचारायची.

पावसाळा संपता संपता, एका दुपारी फोन आला. आवाज तरुण होता आणि फार अदबीचा.

"श्रीमती हेमलता दुधाळ? पडसादच्या पूर्वसूचना विभागातून बोलतोय. नवीन सुधारणेनुसार चित्रकारांना आता आधीच कळवलं जातं. येत्या महिन्यात आपण एक चित्र काढण्याची दाट शक्यता दिसते आहे. त्याचा क्षोभांक चौऱ्याऐंशी आहे."

हेमलताने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी काहीच काढलेलं नाही."

"हो मॅडम. म्हणूनच कळवतोय."

"माझ्या मनातसुद्धा काही नाही."

"आपली छाया बऱ्यापैकी अचूक आहे, मॅडम. आपण ते काढू नये, अशी विनंती आहे."

"पण कशाचं चित्र आहे ते?"

"ते सांगता येत नाही. सांगितलं तर आपण काढाल."

फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. संपत जेवून नुकताच आडवा झाला होता. त्याने विचारलं, "कोण होतं?" तिने सांगितलं. तो उठून बसला. तिला आठवत होतं तेवढं सगळं तिने मनातल्या मनात चाळून बघितलं : रस्ते, इस्पितळ, टँकर, निवडणूक, पडसादची ती अदबशीर आवाजाची माणसं. चौऱ्याऐंशीचं असं त्यात काहीच सापडेना. आपल्या आत कुठेतरी एक चित्र आहे, ते दुसऱ्या कुणाला दिसतंय आणि आपल्याला दिसत नाही, हा विचार तिला सोडेना.

ती टेबलापाशी बसली. कोरा कागद पुढे ओढला, ब्रश शाईत बुडवला. एक थेंब कागदावर पडला.

"काय करतेस?" संपतने विचारलं.

"बघतेय," ती म्हणाली. "काय आहे ते मला बघायचंय."

संपत तिला थांबवेल असं तिला वाटलं. तो उठला, दाराला आतून कडी घातली, खिडक्या ओढून घेतल्या, आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. कागदावर अजून तो एक थेंबच होता.